मुराळी मीच

ये, अशी जवळ सरक. आणि मान खाली घालू नकोस, रागावले असले तरी मावशीच आहे मी तुझी. गाडी दारात आणून उभी केलीस, तिला माळ घातलीस, मला फोटो पाठवलास, आणि आता तिच्यावर ताडपत्री टाकून एसटीनं हिंडतेस होय गं? लायसन पर्समध्ये ठेवून? पुण्याहून आटपाडीचा रस्ता नुसता डोळ्यांपुढं आला तरी हात कापतात म्हणे. तुझी आई फोनवर सांगताना हसत होती. मी नाही हसले. हात कापतात त्याचं मला काही वाटत नाही, माझेही कापले होते. राग आला तो ताडपत्रीचा. धडधाकट गाडीला कुणी असं झाकून ठेवतं का?

आमच्या माळावर फोनला धड रेंज राहत नाही, निम्मं बोलणं वाऱ्यावर जातं. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळा नाही बघितली, दुकानांच्या पाट्या आणि एसटीच्या पाट्या वाचून शिकले. लागेल तसं वाच.

माझा पहिला लांबचा प्रवास तुला थोडा आठवत असेल. येताना तू गाडीत होतीस. पण तेव्हा तू तिसरीतली पोर, डोकं माझ्या मांडीशी घालून बसलेली. त्याआधी काय काय झालं ते तुला कुणी सांगितलेलं नाही. तुझी आई सांगणार नाही. मग मीच सांगते.

आधी मुराळी म्हणजे कोण ते ऐक, तुमच्या कानावर हा शब्द पडत नसेल आता. सासरी दिलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. भाऊ जातो. भाऊ नसला तर चुलतभाऊ, पण बापयमाणूसच लागतो. मुराळी आल्याशिवाय लेकीनं उंबरा ओलांडायचा नाही. आणि तो आला तसा एकटाच परत गेला, तर तिनं भाकरी थापायला बसायचं.

तुझी आई माझ्याहून बरीच धाकटी. आमची आई गेली तेव्हा ती रांगत होती. तिला पाठीशी बांधून मी मेंढरांमागं हिंडले. मधला आमचा एकुलता भाऊ, तुझा मामा. तुझ्या आईला दिली ती पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या अलीकडं. पाणी बघून दिली. आमच्याकडं प्यायला टँकर, तिकडं मोठं धरण. पोरीच्या डोक्यावरचा हंडा उतरेल एवढाच आमचा विचार. हंडा उतरला, पण डोकं फुटायचं काही राहिलं नाही.

तुझा बाप वडापची जीप चालवायचा. दिवसभर माणसं कोंबून पाटणच्या खेपा करायच्या आणि घरी येऊन हात मोकळा करून घ्यायचा. एका लग्नात मी तुझ्या आईचा कान बघितला. पाळी चिरून दोन फाका झालेल्या. विचारलं तर म्हणाली, फांदीत अडकलं. ती फांदी कुणाच्या खांद्याला होती ते मला कळलं. भावालाही कळलं, पण तो जेवायला बसला होता.

त्या वर्षी दिवाळीला तुझा मामा मुराळी म्हणून गेला आणि दोन दिवसांनी आला तो तांदळाचं पोतं घेऊन. तिकडचा वासाचा तांदूळ. बहीण तिथंच. मी विचारलं तर म्हणाला, पाव्हण्यांनी कोंबडं कापलं, मानपान केला, बहिणीचं जरा तोंड चालतं म्हणून दाजींचा हात उठतो, बाकी माणूस चांगला आहे. तो तांदूळ सगळ्या गावानं वाखाणला. माझ्या घरात तो शिजला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला तुमच्या शेजारणीचा फोन आला. तुझ्या बापानं तुझ्या आईचा हात दाराच्या चौकटीत धरला होता आणि दार ओढलं होतं. हाताचं हाड मोडलं. शेजारीण सांगत होती, आवाज आमच्या घरात ऐकू आला. मी तशीच भावाच्या दारात गेले. तो त्याच्या एडक्याला तेल चोळत होता. तो एडका तुला माहीत नसेल. टकरीचा मेंढा होता, कपाळ असं दगडासारखं, दोन जत्रांत त्यानं समोरच्या एडक्याची शिंगं मोडली होती. भाऊ त्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाला, पंचमीला बघू. हाड जुळेपर्यंत तिथंच बरी आहे ती.

मी घरी आले. दारात बाभळीखाली पिकअप उभी होती. तुझे काका असताना तिच्यातून मेंढरं बाजारला न्यायचे. ते गेल्यापासून ती तशीच धूळ खात होती आणि भाऊ म्हणायचा, आक्का, तुला काय करायचीय ती, मला दे. दार उघडून मी पहिल्यांदा चाकामागं बसले. आत अजून मेंढरांचा वास होता. मी ठरवलं, पंचमीपर्यंत थांबायचं नाही.

शिकवलं फौजीनं. आर्मीत ट्रक चालवून आलेला, तुझ्या काकांचा दोस्त. तलाव त्या साली भरलाच नव्हता. कोरडा, भेगाळलेला, एवढं मोठं मैदान. तिथं आम्ही रोज सकाळी जायचो. फौजी शेजारी बसायचा, मांडीवर बाभळीची ओली शिमटी. क्लच झटक्यात सोडला की माझ्या डाव्या गुडघ्यावर सट्टकन बसायची. बाई म्हणून नाही, वय म्हणून नाही. म्हणायचा, मला असंच शिकवलंय, तवा असंच येतंय. गुडघा काळानिळा झाला. घरी आले की हळद लावायची आणि सकाळी परत जायचं.

आता हसशील, पण सांगते. पहिल्याच आठवड्यात गाडी सरळ काठावरच्या बाभळीवर निघाली. मी सगळं आयुष्य जनावरं हाकलेली बाई. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग कासऱ्यासारखं मागं ओढलं आणि ओरडले, हो, हो, हो. जशी बैलाला म्हणतात तशी. पाय वर घेऊन बसलेले. गाडी गेली ती बाभळीवर आदळली, माझं कपाळ स्टेअरिंगवर आपटलं आणि डोळ्यांत रक्त उतरलं. फौजीचं नाक काचेला चेपलेलं. त्यानं शांतपणे नाकाला धोतराचं टोक लावलं.

"वैनी," म्हणाला, "तिला कान न्हाईत. पाय वापरा."

त्या बाभळीची साल अजून निघालेली आहे. येशील तेव्हा दाखवीन.

पुढं हात बसला. सांगलीला जाऊन लायसनही काढलं. सपाट मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, साहेब म्हणाले झालं. मी पेढे घेऊन फौजीकडं गेले. त्यानं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, आठ काढाय घाटात जागा कुठाय? उद्या भरावावर या.

भराव म्हणजे तलावाचा मातीचा बांध. त्यावर चढायला एक तिरकी वाट आहे. आमच्या सगळ्या मुलखात चढ म्हणावा असा तोच. फौजीनं गाडी त्या चढाच्या मध्यावर उभी करायला लावली, हँडब्रेक ओढायला लावला. मग उतरून मागं गेला आणि मागच्या चाकाला पाठ टेकून खाली मातीत बसला. आरशात मला त्याचा फेटा दिसत होता आणि बिडीचा धूर.

"सोडा आता," म्हणाला.

मी म्हटलं, आधी तिथनं उठा.

"वीतभर जरी मागं सरकली तरी मी ग्येलो. तवा सरकू द्यायची न्हाई, एवढंच."

घामानं माझी चोळी पाठीला चिकटली. पोरी, सुरी मानेवर येण्याआधी बकरं सगळ्या अंगानं थरथरतं ना, तसं क्लच थोडा थोडा सोडला की गाडीचं बॉनेट थरथरतं. त्या थरथरीला थांबायचं. तिच्याआधी ब्रेक सोडला तर गाडी मागं जाते, थरथर आल्यावरही थांबून राहिलं तर बंद पडते. मी थांबले. थरथर आली. हँडब्रेक सोडला आणि गाडी पुढं गेली. वर जाऊन थांबवली आणि दार उघडून आधी ओकले. मग मागं बघितलं. फौजी धोतराची माती झटकत वर येत होता. दुसऱ्या दिवशी परत बसला, तिसऱ्या दिवशी परत. त्याच्या बायकोनं मला शिव्या दिल्या त्या वेगळ्याच.

हे गावभर व्हायचं तसं झालं. बाई गाडी शिकते ह्याचं कुणाला एवढं वाटलं नाही, त्याआधी एकीनं ट्रॅक्टर चालवून झाला होता. पण आक्का मुराळी म्हणून निघालीय, हे भावाला झोंबलं. मुराळी म्हणून बहीण जाते म्हणजे भाऊ मेला, असा त्याचा अर्थ. पारावर कुणीतरी त्याला विचारलं म्हणे, तेराव्याला बोलवशील न्हवं गड्या?

तो कुऱ्हाड घेऊनच भरावावर आला. फौजी अजून यायचा होता, मी एकटी गाडीत. मला बघून त्यानं कुऱ्हाड उचलली. पहिला घाव पुढच्या दिव्यावर घातला, दुसरा काचेवर. काचेचा चुरा माझ्या पदरात, केसांत, तोंडात. मी दार उघडून उतरले तर त्यानं माझे केस मुठीत धरले आणि डोकं दाराच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. दुसऱ्या हातात कुऱ्हाड तशीच. म्हणत होता, मी जित्ता हाय, मी जित्ता हाय. त्याला मी न्हाऊ घातलेलं, त्याचा शेंबूड पुसलेला. तिसऱ्यांदा आपटायला लागला तेव्हा सीटखाली ठेवलेली मेंढरामागची काठी माझ्या हाताला लागली. लांडग्याला घालतात तशी घातली, कुऱ्हाडीच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज आयुष्यभर मेंढरं सांभाळलेल्या बाईला ओळखू येतो. कुऱ्हाड खाली पडली आणि माझा भाऊ मातीत बसून लहानपणी रडायचा तसा रडायला लागला.

मग काय करणार? त्याला उठवला आणि त्याच गाडीत बसवला. पुढं काच नाही, वारा सरळ तोंडावर, माझ्या कपाळातनं रक्त गळतंय आणि शेजारी हा हात पोटाशी धरून. दवाखाना आटपाडीत. वाटेत ओढा आला तेव्हा म्हणाला, "आक्का, दमानं घे. खड्डा हाय."

फौजी सोडला तर माझ्या गाडीत बसलेला पहिला माणूस तोच, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

काच विट्याहून आणून बसवली. दिवा तसाच राहिला फुटका. निघायचा दिवस ठरला. भाऊ प्लास्टर गळ्यात अडकवून घरात बसून होता आणि निरोप पाठवत होता, गेलीस तर परत दार बघायचं नाही. मी तयारी करत होते. भाकरी, शेंगाची चटणी, पाण्याचे कॅन, चाकाखाली द्यायला लाकडाचा ठोकळा, तुझ्यासाठी एक स्वेटर, कारण तिकडं धरणाकाठी गारठा असतो असं ऐकलेलं. उन्हाळा होता, स्वेटर कशाला, पण डोकं कुठं जागेवर होतं.

सकाळी उजाडता उजाडता माझी भावजय दारात आली. तिच्या मागं दोरीला तो एडका. भावाचा, टकरीचा. तिनं पदर गळ्याशी घट्ट धरलेला, पण वाऱ्यानं हलला तेव्हा मला दिसलं, गळ्यावर बोटं उठलेली. उजव्या बाजूला चार आणि डाव्या बाजूला एक. उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून त्यानं डाव्यानं धरला असणार.

"वन्सं," ती म्हणाली, "गाडीम्होरं काय तरी लागतंयच की. ह्योच घ्या."

आमच्यात लांबच्या वाटेला पहिल्यांदा गाडी निघाली की तिच्यापुढं बकरं पडतं. लिंबू-नारळ वरच्या लोकांचं. मी तिला म्हटलं, अगं, तो तुला जिवंत ठेवायचा नाही. ती म्हणाली, आता कुठं ठेवलीय.

कापायला गावचे मुलाणी चाचा आले. चार माणसांना आवरेना असा एडका तो, पण सुरी लागायच्या वेळेला उगा उभा राहिला. मान कापल्यावरसुद्धा त्याचे पाय टकरीला धावल्यासारखे मातीत खणत होते. रक्त चारी चाकांवर घातलं. बॉनेटवर भंडारा उधळला. मग रक्तात हात बुडवून पंजा उठवायचा असतो, तो सवाशिणीनं. माझा चालत नव्हता. भावजयीनं कोपरापर्यंत हात बुडवला आणि बॉनेटवर असा दाबला की बांगड्यांची कडीसुद्धा उमटली. राहिलेलं रक्त तिनं बंपरवर, फुटक्या दिव्यावर, जाळीवर ओतलं. इतकं कुणी ओतत नाही. तिचं काहीतरी चाललं होतं, ते तिला करू दिलं.

"आणा त्यास्नी," एवढंच म्हणाली.

फौजीनं खिडकीतून मान आत घातली आणि शेवटचं सांगितलं. चढावर असलं की आरशात बघायचं नाही. मागं काय होतंय ते मागं होतंय.

विट्यापर्यंत मी देवाचं नाव घेत होते. कडेगाव गेलं, ऊस दिसायला लागला, रस्ता रुंद झाला. समोरून येणारे ट्रक असे अंगावर यायचे की मी दर वेळी डोळे मिटायची आणि परत उघडायची. पण हात कापायचे थांबले होते. आणि इथंच आमच्यासारख्या माणसांची चूक झाली बघ. आमच्या भागात रक्तानं माखलेली गाडी दिसली की माणसं हात जोडतात. ती धुऊन पुढं जावं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फौजीच्यासुद्धा नाही.

कराडच्या नाक्यावर गर्दीत गाडी बंद पडली. मी परत चालू करते आहे तोवर एका मोटारसायकलवाल्यानं वाकून पुढं बघितलं. फुटका दिवा, जाळीत वाळलेलं रक्त आणि रक्ताला चिकटलेली लोकर. तो ओरडला, हिनं कुणाला तरी उडवलंय. बास. क्षणात माणसं. कुणी किल्ली काढून घेतली, कुणी दंडाला धरून मला खाली ओढलं. कोण मेलं, कुठं टाकलंस, असं एकदम दहा जण विचारत होते. मी म्हटलं, एडका कापलाय. एक जण म्हणाला, एडका दिवा फोडतो व्हय? आणि कानाखाली दिली. दात ओठात घुसला. मागून कुणीतरी पाठीत लाथ घातली, मी बॉनेटवर पालथी पडले, तोंड नेमकं त्या पंज्यावर. खरं सांगत होते आणि मार खात होते. माझ्या मनात एकच, इथं मला मारलं तर तिकडं तिला आणायला कोण जाणार?

नाक्यावर एक म्हातारी घोंगडी विकायला बसली होती. आमच्याकडचीच, डोईवरच्या पदरावरनं कळत होतं. ती काठी आपटत आत घुसली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. आपला हात पंज्यावर नेमका ठेवला, बोटाला बोट लावून. मग बोटावर भंडारा घेऊन त्या मारणाऱ्याच्या नाकासमोर धरला.

"बांगड्या दिसत्यात का तुला? सवाशिणीचा हात हाय ह्यो. मेल्यालं माणूस असा हात उठवून जातंय व्हय रं?"

माणसं जशी आली तशी पांगली. कुणी माफी मागितली नाही. किल्ली म्हातारीनंच काढून घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, धू ते, पुढं परत मारतील. मी मान हलवली. पण थांबले तर परत चाकामागं बसायचं धैर्य राहणार नाही असं वाटलं. नाही धुतलं. ओठातलं रक्त पदरानं टिपत पाटणच्या रस्त्याला लागले.

तुमचं घर चढावर, रस्त्याला लागून. मी गाडी दारासमोर उभी केली, हँडब्रेक ओढला, बरोबर आणलेला ठोकळा चाकाला लावला. तुझा बाप अंगणात जीप धूत होता. माझ्याकडं बघायच्या आधी त्यानं गाडीकडं बघितलं. दिवा, रक्त, लोकर. मग माझ्याकडं. ओठ सुजलेला, कपाळावर जुनी खोक, चोळीवर रक्त.

"मुराळी कुठाय?" त्यानं विचारलं.

"मीच."

"आन् हे रगत?"

"एडका कापला."

ते खरंच होतं. पण तोही ड्रायव्हर. अशा गाडीचा अर्थ त्याला एकच माहीत. तो रस्त्याच्या खालच्या बाजूला बघायला लागला, मागून पोलीस येतात का ते. कराडात खरं बोलून मार खाल्ला, इथं खरं बोलले तर त्याचा विश्वास बसेना. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. तुझी आजी उंबऱ्यातून म्हणाली, जाऊ दे तिला, माणूस मारून आलीय ती, आपल्या दारात पंचनामा नको. तुझी आई दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली, मोडलेला हात धड न जुळलेला, अजून ओढणीत बांधलेला, दुसऱ्या हातानं तुला धरलेलं. एक पिशवीसुद्धा नाही. तुला आत ढकललं, स्वतः चढली.

दार लावून घेतल्यावर त्याला चेव आला. बायको जाते हे तोवर त्याच्या ध्यानात आलं नसावं. मी ठोकळा काढून बसले तोवर तो गाडीच्या मागं गेला, फाळक्याची, मागच्या पडत्या दाराची, साखळी मनगटाला गुंडाळली आणि पाय रोवून उभा राहिला. शेजारपाजारचे बघत होते. त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की ह्या चढाला चांगले चांगले गडी मागं येतात, ही म्हातारी काय नेते. आता बघा, गाडी आपणच माझ्या दारात परत येतीय.

मला आरशात त्याचं डोकं दिसत होतं. जिथं फौजीचा फेटा दिसायचा तिथंच. क्लच सगळा दाबलेला, हात हँडब्रेकवर. मी नुसता ब्रेक सोडला असता तर पुढचं सगळं गाडीनंच केलं असतं. नवशिकी बाई, चढ, गाडी मागं आली. कुणी काही म्हणालं नसतं. तुझ्या आईनंही तेच बघितलं. ती समोर बघत अगदी हळू म्हणाली,

"आक्का, सरकू दे."

तुझं डोकं माझ्या मांडीशी होतं. तू थरथरत होतीस. आणि पाठोपाठ बॉनेटही थरथरायला लागलं. मी तिथं थांबले, शिकवलं होतं तेवढंच. दया म्हणून नाही गं. वीतभरसुद्धा मागं जायचं नाही म्हणून मी भरावावर जीव टाकला होता. त्याच्यासाठी ते मोडायचं? हँडब्रेक सोडला. गाडी पुढं गेली. आरशात बघितलं नाही. साखळीचा आवाज आला, मग काहीतरी खडीवर घासत आल्याचा, मग एक ओरडणं, मग हलकं झाल्यासारखं वाटलं.

वरच्या वळणावर गाडी वळवून परत त्याच दारावरून खाली यावं लागलं, दुसरा रस्ता नाही. तो रस्त्याकडेला बसला होता, हनुवटी सोललेली, तोंडातून रक्त आणि त्यात पांढरं काहीतरी. आम्हाला बघून जीपकडं धावला, खिसे चाचपले, सीटखाली हात घातला, आईला शिव्या घातल्या. तुझ्या आईनं माझ्यापुढं मूठ उघडली. त्यात जीपची किल्ली. कधी घेतली ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

पाटण गेल्यावर ती हसायला लागली आणि कराडपर्यंत रडली. त्या नाक्यावर मी थांबले. म्हातारी तिथंच होती. तिनं आत वाकून तुझ्या आईचा हात बघितला, तुला बघितलं, आणि एक लहान घोंगडी तुझ्या अंगावर टाकली. मग नळावरून बादली आणून आम्ही दोघींनी बॉनेट धुतलं. पंजा काही निघाला नाही. रंगात बसला होता.

आता कळलं का मला ताडपत्रीचा राग का येतो? तुझे हात कापू देत. इकडं भावजय आता माझ्याशेजारी खोली बांधून राहते, तिनं आणि मी मिळून मेंढरं धरलीत. फौजी म्हातारा झालाय, गुडघे दुखतात. परवा म्हणत होता, पोरगी येऊ द्या, भराव अजून तिथंच हाय, मी बसतो मागं. त्याला बसू देऊ नकोस, पण ये. दिवाळीची वाट बघू नको, आणि मुराळी पाठवा असं म्हणू नको, तुला आणायला मी येणार नाही. आईला पुढच्या सीटवर बसव, वाटेत कराडला चहा घ्या, आणि या रविवारी नाही जमलं तर पुढच्या रविवारी ये. मी सकाळपासून बाभळीखाली खाट टाकून बसते.